शब्दकोड्याच्या उत्तरावर कविता



सकाळी वर्तमानपत्र हाती पडताच मोठमोठ्या बातम्या ओलांडून थेट शब्दकोड्याच्या चौकटीकडे धाव घेणारे वाचक तुमच्या घरी असतील. कदाचित तुम्ही स्वतःच त्यांतले असाल. आम्हीही त्यांतलेच आहोत. आडवे शब्द, उभे शब्द, काळी घरे, पांढरी घरे, आणि शेवटचे घर भरताच होणारा तो निर्मळ आनंद! परंतु काल भरलेल्या शब्दांपैकी किती शब्द आज आठवतात, असा प्रश्न स्वतःस विचारून पाहा. बहुधा एकही आठवणार नाही. उत्तर सापडले, घर भरले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात भाकरी बांधली गेली. शब्द भेटला खरा, पण ओळख झाली नाही.

ही ओळख घडवून आणण्याचा एक सोपा आणि गमतीचा उपाय आमच्या वर्गाने गेले वर्षभर करून पाहिला. दररोज सकाळी एक विद्यार्थी त्या दिवसाचे शब्दकोडे फळ्यावर काढतो. मधल्या सुट्टीनंतर सर्वजण मिळून ते सोडवितात. नंतर प्रत्येकाने उत्तरांपैकी एक शब्द निवडावयाचा आणि त्यावर दोन ते आठ ओळींची विनोदी कविता रचावयाची. या खेळाची रीत, त्याची परंपरा आणि त्यातून आम्हांस मिळालेला एक धडा, हे सारे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

खेळ नवा, वंश जुना

आज ज्या चौकटीच्या कोड्याला आपण शब्दकोडे म्हणतो, त्याचे वय फार नाही. लिव्हरपूल येथे जन्मलेले आर्थर विन नावाचे गृहस्थ अमेरिकेत ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात काम करीत असत. त्यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी त्या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत असे पहिले कोडे छापले. पुढे हा खेळ सर्व जगात पसरला व मराठी दैनिकांनीही त्यास जागा दिली. अगदी अलीकडे, २०२१ साली, जॉश वॉर्डल यांनी ‘वर्डल’ नावाचे इंग्रजी कोडे लोकांपुढे ठेवले. दिवसाला एकच शब्द, पाच अक्षरांचा, सहा प्रयत्नांत ओळखावयाचा, आणि त्या दिवशी सर्वांना तोच शब्द! आता ते मोबाईलच्या पडद्यावर लक्षावधी लोक सोडवितात.

पण शब्दाचे कोडे घालणे आणि त्यातून पद्य रचणे ही गोष्ट मात्र आपल्या देशात फार जुनी आहे. चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका म्हणजे कोडे घालणे, काव्यसमस्यापूरण म्हणजे दिलेल्या ओळीवरून श्लोक पुरा करणे, आणि प्रतिमाला म्हणजे ज्याला आपण भेंड्या म्हणतो तो खेळ, या तिन्ही कला मोजलेल्या आहेत. दंडी या आचार्याने आपल्या ‘काव्यादर्श’ ग्रंथात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले, आणि मित्रमंडळींच्या करमणुकीत त्यांचा उपयोग असल्याचे नमूद केले. महाभारतात ८,८०० कूटश्लोक असल्याचे त्याच ग्रंथाच्या आदिपर्वात म्हटले आहे; अर्थ कळल्याखेरीज लिहावयाचे नाही, अशी अट गणेशाने मान्य केली होती, म्हणून व्यासांनी मधून मधून त्यास असे श्लोक घातले, ही कथा तुम्ही ऐकली असेलच.

आता आपल्या घरची गोष्ट. ज्या वाशिमात आपण शिकतो त्याचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची ही राजधानी होती. सुमारे इसवी सन ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखर कवीने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात एक रूपककथा रचली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला. त्यास वश करण्यासाठी गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग चारही दिशा हिंडली. आणि अखेर त्या दोघांचा विवाह झाला तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात! काव्य आणि साहित्य यांचे लग्न ज्या गावी लागले, त्या गावचे आपण वऱ्हाडी आहोत, हे विसरून चालणार नाही.

याच राजशेखराने कवीची दिनचर्याही लिहून ठेवली आहे. सकाळच्या पहिल्या प्रहरी विद्यांचा अभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, आणि भोजनानंतर काव्यगोष्ठी. त्या गोष्ठीत कधी प्रश्नोत्तरांची कोडी फोडावी, कधी समस्या पुऱ्या कराव्या. चौथ्या प्रहरी सकाळी रचलेले काव्य पुन्हा तपासावे. म्हणजे मधल्या सुट्टीनंतर शब्दकोडे सोडवून कविता रचणारा आमचा वर्ग हा काही पोरखेळ करीत नाही. तो अकराशे वर्षांपूर्वीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालला आहे, असे आम्ही मोठ्या अभिमानाने मुख्याध्यापकांस सांगू शकतो!

अट घालून घेऊन रचना करण्याची ही हौस मराठीतही कमी नव्हती. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकशे आठ रामायणे रचली, आणि बहुतेकांत काहीतरी अक्षरांचा खेळ आहे. त्यांपैकी निरोष्ठ रामायण घ्या. त्यात ओठ मिटून उच्चारावी लागणारी प, फ, ब, भ, म ही व्यंजने वर्ज्य. आता ‘राम’ या नावातच ‘म’ आहे. म्हणजे रामाचे चरित्र गावयाचे, पण ‘राम’ म्हणावयाचे नाही! पवित्र शास्त्रातही असा नियम दिसतो. एकशे एकोणिसाव्या स्तोत्राचे बावीस भाग इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांनुसार मांडलेले असून प्रत्येक भागातील आठही ओळी त्या त्या अक्षराने सुरू होतात. शास्ते या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात शमशोन लग्नाच्या मेजवानीत आपल्या तीस सोबत्यांस पद्यात कोडे घालतो, हेही तुम्हांस आठवेल.

आणि लग्न म्हटले की आपल्या आजी, आत्या, मावशी आठवतात. ‘उखाणा’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत: एक कोडे, आणि दुसरा नाव घेण्याचे पद्य. नाव तर ठरलेलेच. ते बदलता येत नाही. मग त्याला जुळणारे यमक, त्याला शोभणारे चित्र आणि ऐकणाऱ्यांना हसविणारे वळण क्षणात शोधावयाचे. ज्यांनी कधी पाटीवर अक्षर गिरविले नाही अशा स्त्रियांनी हा खेळ आपल्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या खेळला. नाव घेणारी नववधू आणि कोड्याच्या उत्तरावर कविता रचणारा विद्यार्थी, दोघांसमोर अडचण एकच: एक शब्द हलविता येत नाही, बाकी सारे त्याच्याभोवती रचावयाचे.

मराठी कोडे सोडविणारास मिळालेली देणगी

येथे एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते. इंग्रजी शब्दकोड्यात एका घरात एक वर्ण असतो; कापसाला इंग्रजीत जो ‘कॉटन’ शब्द आहे तो त्या लिपीत सहा घरे व्यापतो. परंतु इंग्रजी कवितेत तोच शब्द मोजला जातो तो दोन उच्चारावयवांचा. म्हणजे कोडे सोडविणाराचे गणित निराळे आणि कवीचे गणित निराळे. मराठीत तसे नाही. आपल्या कोड्यात एका घरात एक संपूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटी-जोडाक्षरासह. ‘कापूस’ म्हणजे तीन घरे. आणि आपल्या ओवी-अभंगांतही हीच अक्षरे मोजतात! ‘कापूस’ म्हणजे तीन अक्षरे. यास्तव ज्याला कोड्याची घरे मोजता येतात, त्याला अभंगाचे माप नकळत अवगत झालेले असते. वृत्तांतील लघु-गुरूंचा क्रम शिकण्यास वेळ लागतो. परंतु अक्षरछंदासाठी तुमच्या हाताची बोटे पुरेशी आहेत.

दोन मापे ध्यानात ठेवावी. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण असून ते यमकाने जुळतात. मोठ्या अभंगात चार चरण असतात: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत. शेवटचा आखूड चरण म्हणजे जणू दार हलकेच लोटून घेणे.

रचनेची रीत

पहिली पायरी शब्दाची निवड. ज्याला दोन अर्थ आहेत, किंवा ज्याच्याशी आपली काही आठवण निगडित आहे, असा शब्द घ्यावा. एके दिवशी सूचक वाक्य असे होते: ‘उडते पाणी, वाशिम जिल्ह्यातील एक शहर (३)’. उत्तर अर्थातच ‘कारंजा’. दोन अर्थ आयतेच हाती आले. त्यावर वर्गात झालेली रचना पाहा:

कारंज्याला गेलो आम्ही,
कारंज्याची मनी आस;
गाव सारे हिंडलो अन्
घाम फुटे कपाळास.

मामा म्हणे, हाच पोरा,
कारंजा बा उन्हाळ्याचा;
कपाळीच उडतो हा,
खर्च नाही पाहण्याचा!

ज्यांनी वैशाखात आपल्या जिल्ह्यातील ऊन अंगावर घेतले आहे, त्यांस याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

दुसरी पायरी म्हणजे उत्तर कवितेत दाखवावयाचे की लपवावयाचे, हे ठरविणे. जुन्या शास्त्रकारांनी यासाठी दोन सुंदर नावे दिली आहेत. ज्या कोड्याचे उत्तर त्याच पद्यात असते ती अंतर्लापिका. ज्याचे उत्तर बाहेरून शोधावे लागते ती बहिर्लापिका. वरील कविता उत्तर उघड सांगते. आता ही पाहा:

दोन पोटे, एक दांडी,
तोंड नाही, सांगे खरे;
हलक्याला उचलून
जड त्याला खाली धरे.

उत्तर तीन अक्षरी आहे आणि ते दर बाजारच्या दिवशी तुमच्या दृष्टीस पडते. अशा रीतीने कोड्याचे उत्तर घेऊन आपण नवे कोडे घातले. काल ज्याने सोडविले तोच आज घालणारा झाला. आणि चेष्टेच्या ओघात एक खोचक गोष्टही हाती लागली: वर गेलेले सारेच वजनदार असतात असे नाही!

तिसरी पायरी यमकाची. यमकात केवळ शेवटचे अक्षर जुळून भागत नाही. त्याच्या आधीचा स्वरही जुळला पाहिजे. ‘खरे–धरे’ हे पक्के यमक; ‘खरे–घोरे’ हे कच्चे. ठरलेला शब्दच यमकाच्या जागी आणण्याचा हट्ट धरू नये. तो मध्ये कोठेतरी सहज बसू द्यावा.

चौथी पायरी परीक्षेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. रचना पुरी झाल्यावर तो शब्द काढून त्याच अक्षरसंख्येचा दुसरा घालून पाहावा. कविता तशीच उभी राहिली तर समजावे की आपला शब्द त्या घरी पाहुणा होता. ती कोसळली तर समजावे की तो घराचा आढा होता. पाहुण्यांवर कविता रचण्यात वेळ दवडू नये. तसेच वर्गातील कोणाचे व्यंग, जात, गरिबी यांवर हसू आणण्याचा मोह टाळावा. तसे हसू आणण्यास कवी लागत नाही.

एका शब्दाची कथा

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, ती गोष्ट.

गेल्या हिवाळ्यात एका दिवशी फळ्यावरील सारे कोडे सुटले, एक शब्द मात्र राहिला. सूचक वाक्य होते: ‘कापूस वेचल्यावर शेतात उरते ती (३)’. पहिले अक्षर ‘प’ मिळालेले होते. शहरातील चुणचुणीत मुलांनी ‘पाकळी’, ‘पालवी’ असे अनेक शब्द सुचविले, एकही बसेना. आम्ही स्वतः पाटीलकीचा आव आणून विचार करीत उभे होतो, पण खरे सांगावयाचे तर आम्हांसही सुचत नव्हते. शेवटच्या बाकावर मानोऱ्याकडील एका खेड्यातून येणारा एक विद्यार्थी मान खाली घालून बसला होता. तो कधी बोलत नसे. त्याच्या ओठांची हालचाल पाहून आम्ही त्यास उभे केले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, मले मालूम हाये. पन तो शब्द तुमीच खोडला होता.”

वर्ग स्तब्ध झाला. आम्हांस काही आठवेना. त्याने दप्तरातून निबंधाची वही काढून आमच्यापुढे ठेवली. ‘माझे गाव’ या निबंधात त्याने लिहिले होते की आई पऱ्हाटीवर स्वयंपाक करते. आणि आम्ही तांबड्या शाईने ‘पऱ्हाटी’ खोडून वर ‘काटक्या’ असे लिहिले होते, समासात ‘ग्राम्य’ असा शेराही दिला होता. शब्द आमच्याच अक्षरांत आमच्यापुढे होता: प, ऱ्हा, टी. तीन घरे. बरोबर बसला.

त्या क्षणी आम्हांस जे वाटले ते येथे विस्ताराने लिहिणे नको. ज्या शब्दाला आम्ही वर्गाबाहेर घालविले, तो वर्तमानपत्राच्या चौकटीतून पुन्हा वर्गात आला, आणि त्याला ओळखणारा एकच मुलगा निघाला. त्यालाही आम्ही गप्प बसविले होते. काटकी म्हणजे काटकी; ती कोणत्याही झाडाची. पऱ्हाटी म्हणजे ज्या झाडाने घरात चार पैसे आणले त्याचीच वाळलेली काया. हे दोन शब्द एक नव्हेत, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. आम्ही खडू त्याच्या हाती दिला. त्याने तो शब्द फळ्यावर भरला, आणि त्या दिवशीची कविताही त्यानेच करावी असे सर्वांनी ठरविले. दुसऱ्या दिवशी त्याने आणलेली रचना आम्ही येथे एक अक्षरही न बदलता देतो:

वेचणी सरली,
कापूस बाजारी,
पऱ्हाटी ती घरी
चुलीपाशी.

जग नेसे सूत,
आम्ही घेतो ऊब,
भाकरीही खूब
फुगे तेथे.

घरे मोजून पाहा: सहा, सहा, सहा, चार. ‘ऊब–खूब’ हे यमक पक्के आहे; ‘बाजारी–घरी’ किंचित सैल आहे, पण अभंगास ते खपते. आणि आमची चौथी परीक्षा लावून पाहा. ‘पऱ्हाटी’ काढून तेथे दुसरा कोणताही तीन अक्षरी शब्द घाला. कापूस बाजारात गेला आणि मागे काय उरले, हेच मग सांगता येणार नाही. सारी कविता कोसळेल. तो शब्द त्या घराचा आढा आहे.

मुले हसली, पण ते हसणे निराळे होते. फुगणारी भाकरी सर्वांनी पाहिलेली होती. त्यानंतर इतर मुलेही घरून शब्द आणू लागली; आजीला विचारून, बाजारात ऐकून, शेतावर लक्ष देऊन. आमच्या तांबड्या दौतीवर तेव्हापासून आम्ही जरा कमी विसंबतो. प्रमाण भाषा शिकविणे हे आमचे काम आहेच, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती यावयासच हवी. परंतु एखादा शब्द खोडण्यापूर्वी त्याच्या जागी खरोखर त्याच अर्थाचा दुसरा शब्द आपल्याजवळ आहे काय, एवढे तरी शिक्षकाने स्वतःस विचारावे.

या संदर्भात आपल्या गावचाच एक दाखला देऊन आटोपते घेतो. इसवी सनाच्या चौथ्या शतकात वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. राजा असूनही त्याने आपले ‘हरिविजय’ काव्य संस्कृतात न रचता प्राकृतात रचले. ते आज समग्र उपलब्ध नाही; परंतु पुढील काळच्या साहित्यशास्त्रज्ञांनी त्यातील वचने आपल्या ग्रंथांत घेतली आणि त्याचा गौरव केला. या नगराच्या नावावरून ‘वच्छोमी’ ही काव्याची रीतीच प्रसिद्ध झाली. राजशेखराने आपल्या ‘कर्पूरमंजरी’ नाटकाच्या आरंभीच तिचे नाव घेतले आहे. संस्कृताच्या मानाने प्राकृत ही लोकांच्या बोलीजवळची भाषा. तिच्यात काव्य रचण्यास वत्सगुल्मच्या राजास कमीपणा वाटला नाही. मग त्याच मातीतील विद्यार्थ्यास आपल्या बोलीतील शब्दाची लाज का वाटावी?

तेव्हा मित्रहो, सुट्टीत घरी गेल्यावर हा खेळ अवश्य करा. रोज एक कोडे सोडवा. त्यातील एक शब्द निवडा. बोटांवर अक्षरे मोजा. चार ओळी रचा. आणि राजशेखराने सांगितल्याप्रमाणे सायंकाळी त्या पुन्हा तपासा. आरंभासाठी पाच शब्द देतो: कंदील, पाणवठा, बासरी, सावली, तिफण. यांपैकी निदान एकाची बहिर्लापिका करावी, म्हणजे सुट्टीनंतर वर्गास सोडविण्यास नवी कोडी मिळतील. आणि कोड्यात कधीच न आलेला, पण तुमच्या घरात रोज बोलला जाणारा असा एक सहावा शब्द तुम्ही आमच्यासाठी आणावा. तो फळ्यावर लिहिण्याचा मान ज्याचा त्यास मिळेल. तांबडी दौत त्या दिवशी कपाटात राहील.